सुतळीने शिवलेला शेवट

एकाच नाटकाचे चार शेवट मी पाहिले आहेत. एक माझ्या माहेरी रत्नागिरीकडे, एक भाईंदरच्या गावदेवीच्या जत्रेत आणि दोन सिनेमांत. त्यातला कोणता बरा असं मला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तरी मी पटकन काही सांगेन असं नाही. पण काळूरामकाकांबद्दल सांगायचं तर हे नाटक मध्ये येणारच. त्याला माझा इलाज नाही.

लग्न होऊन मी भाईंदरला आले ती एकसष्ट साली. आमचे हे दहिसरच्या कारखान्यात होते. काळूरामकाकांच्या घराची एक पडवी फळ्या मारून वेगळी केलेली होती, ती आम्हाला भाड्याने मिळाली. फळ्यांना फटी होत्या. त्यांच्या चुलीचा धूर आमच्याकडे यायचा आणि आमची भांडणं त्यांच्याकडे जायची. काका तिथले जुने मिठागरवाले. थोडी भातशेती, खाडीलगत मिठाचे वाफे, आणि स्वतः चिखलात उभं राहून बांध घालायची सवय. टाचा मिठाने फुटून पांढऱ्या पडलेल्या. बोलायचे इतकं हळू की पहिले दोन महिने मला वाटलं, या माणसाचं बायकोशी पटत नसावं. मंजुळाकाकींचा आवाज मात्र खणखणीत. त्या अंगणात बोलल्या की माझ्या कपातला चहा हलायचा.

हळू बोलण्याचं कारण मला चैत्रातल्या जत्रेत कळलं. काका गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते. वीस वर्षं ते विंगेत कंदील आणि पुस्तक घेऊन बसत आणि नटांना ओळी पुरवत. नटाला ऐकू जावं पण पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढ्याच आवाजात. तोच आवाज त्यांच्या गळ्यात कायमचा बसला होता. नाटकात आईचं काम शिवदास करायचा. मिशी काढून, काकींचंच लुगडं नेसून तो उभा राहायचा आणि दर तिसऱ्या वाक्याला अडायचा. मग पदर तोंडाला लावून विंगेकडे बघत म्हणायचा, ''काळूराम, मोठ्यांदा बोल रं, मना आयकू येत न्हाय!'' सगळं मैदान हसायचं. त्या गावात लोक नाटकापेक्षा त्या वाक्याची वाट बघायचे असं माझं मत आहे.

नाटकाचं नाव 'चौथं ताट'. घरात बाप, आई, लेक आणि मुलगा. मुलगा बोटीवर नोकरीला गेलाय, तीन वर्षं पत्र नाही. आई रोज चार ताटं मांडते. शेवटच्या प्रवेशात मुलाचा दोस्त येतो, निरोप सांगतो. आई काही बोलत नाही. चौथं ताट उचलते, धुते आणि पालथं घालते. पडदा. माझ्या माहेरी हे असंच झालं होतं, आणि पडदा पडल्यावर किती तरी वेळ कुणी उठलं नव्हतं.

भाईंदरला मात्र शेवटी दार वाजलं आणि मुलगाच आत आला. ताटावर बसला. आईने भात वाढला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी काकांना दुसऱ्या दिवशी विचारलं, ''काका, असं कसं? तो तर मरतो ना?''

काका घाबरून घराकडे बघायला लागले. मग त्यांनी मला पुस्तक दाखवलं. शेवटची पाच पानं एकत्र शिवून टाकलेली होती. मिठाच्या गोणी शिवायचं दाभण असतं, त्याने आणि सुतळीने, तीन टाके. पुढे हाताने लिहिलेले दोन कागद चिकटवलेले. देवीसमोर मरणावर खेळ संपवायचा नाही, असं काकांचे चुलते विंगेत बसत तेव्हाच गावाने ठरवलं होतं. कुणी चुकून उघडू नये म्हणून पानं शिवली. गावातल्या बायकांना तर नाटक एवढंच आहे असं वाटायचं. काकींनाही. मला तेव्हा हसू आलं होतं. शेवट आवडला नाही की गोणीसारखा शिवून टाकायचा, ही सोय मला फार आवडली.

काकांना दुर्गा आणि नाथा अशी दोन मुलं. दुर्गाचं लग्न होऊन ती चेण्याला दिलेली. नाथा वीस वर्षांचा. त्याला मिठागर नको होतं. चिखलात उभं राहून बापाच्या टाचांसारख्या टाचा करून घ्यायच्या नाहीत, असं तो तोंडावर सांगायचा. उत्तनच्या होड्यांवर जायला लागला. त्रेसष्ट साली नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या, आणि चौथ्या दिवशी वारा फिरला. नाथाची होडी फुटली. पाचांपैकी दोघं पोहत आले, दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. नाथा नाही.

त्या संध्याकाळी काकींनी तीन ताटं मांडली. नाटकात आईने मांडलं म्हणून त्यांनी मांडलं की कुठल्याही बाईने मांडलंच असतं, हे मला सांगता येत नाही. फळीच्या फटीतून मला ते ताट दिसायचं. भात, त्यावर कालवण, बाजूला मीठ. जेवणं झाली की त्या ते ताट झाकून ठेवायच्या आणि सकाळी गाईला घालायच्या. रडल्या नाहीत. बायका बसायला आल्या तर त्यांना म्हणाल्या, ''कोन गेलाय का माझ्या घरातला? मग कशाला आल्यात?'' बायका उठून गेल्या.

सहाव्या दिवशी काका उत्तनला गेले आणि दिवेलागणीला परत आले. काकींनी दारातच विचारलं. काका म्हणाले, ''शोधतात अजून.'' एवढंच. मग पाय धुवून ताटावर बसले. दुसऱ्या आठवड्यात मिठागरावर गेले. लोक म्हणाले, बापाचं काळीज दगडाचं. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू. मला वाटायचं, निदान एकदा तरी ओरडावं माणसाने.

पुढच्या हिवाळ्यात स्टेशनच्या पलीकडे तंबूचा सिनेमा लागला. त्यात 'चौथं ताट'वरून काढलेलं मराठी चित्र आलं. काका एका दुपारी माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, ''सुलू, तू चल आमच्यासंगती. तिच्या बाजूला बस.''

मी विचारलं, ''का? काकींना बरं नाही का?''

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. त्या सहाव्या दिवशी नाथा मिळाला होता. खडकांच्या फटीत. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. कमरेला काळा करगोटा होता, आणि त्यात चांदीचं पिंपळपान. नाथा लहान असताना ते त्याच्या कपाळावर असायचं, पुढे काकींनीच ते करगोट्यात ओवलं होतं. दोन कोळी मदतीला होते, त्यातला एक ख्रिस्ती. त्याने होडी दुरुस्तीला आणलेली आपली लाकडं दिली. काकांनी तिथेच अग्नी दिला. दोघांना सांगितलं, घरी मी सांगतो, तुम्ही बोलू नका. आणि घरी येऊन सांगितलं नाही.

''का नाही सांगितलंत?'' माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता.

''सांगायलाच आलो होतो. ती ताट घेऊन उभी. माज्या तोंडात शब्दच न्हाय. वीस वर्सं पुस्तकातलं वाचून दुसऱ्याला दिलं. माजं सोताचं काय बोलायचं ते मना सुचलंच न्हाय. मग जे सुचलं ते बोललो.''

''आता सांगा.''

''आता सिनेमा सांगंल,'' काका म्हणाले. ''त्यात खरा शेवट ठेवलाय, शिवदास बगून आलाय. ती बगंल. समजंल. मग मी सांगतो.''

असा बेत. शहाण्या माणसाने करावा असा नव्हता, पण मी गेले. काकी माझ्या उजव्या हाताला आणि काका पलीकडे.

चित्र वाईट नव्हतं. फोटो स्वच्छ, घर खरं वाटेल असं. पण माझ्या माहेरी त्या बाईने एका हाताने जे केलं, त्याला सिनेमावाल्यांना पाऊण रीळ लागलं. दोस्त निरोप सांगतो, आई किंकाळी फोडते, ताटावर डोकं आपटते, मागे कुणीतरी गाणं म्हणतं, ताटातला भात सगळीकडे. तंबूतल्या बायका हमसून रडत होत्या. मी काकींकडे बघितलं. त्या सरळ पडद्याकडे बघत होत्या. डोळे कोरडे. काका पडद्याकडे बघतच नव्हते, ते काकींकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, सवयीने. नट रडत होते आणि हा माणूस त्यांना ओळी देत होता.

बाहेर आल्यावर काकी म्हणाल्या, ''चुकीचं दाखवलंय. शेवटाला पोऱ्या येतो. ह्यांच्या पुस्तकात हाय ना.'' मग नवऱ्याकडे वळून, ''हाय का न्हाय?''

काकांनी पायातली वहाण काढून माती झटकली, पुन्हा घातली. आता सांगतील असं वाटलं.

''हाय,'' काका म्हणाले.

मी त्या दिवशी काकांशी बोलणं टाकलं. चार-सहा दिवसच, कारण शेजारी राहून अबोला धरणं फार कष्टाचं असतं. पण माझं मन त्यांच्यावरून उडालं ते उडालंच. काकींना मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं मरण आपण कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण भीती हे होतं.

नंतरची वर्षं कशी गेली ते मला नीट आठवत नाही, आणि आठवण्यासारखं त्यांच्या घरात काही झालंही नाही. काका सकाळी मिठागरावर, संध्याकाळी ओट्यावर. काकी ताट मांडायच्या, झाकायच्या, गाईला घालायच्या. गाय मेली, तेव्हा कुत्र्याला. मला दोन मुलं झाली, ती त्या ताटाकडे बघत मोठी झाली आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मलाही वाटेनासं झालं. नाथा कसा दिसायचा हे मी विसरले, ताट मात्र रोजचं. दर तिसऱ्या वर्षी जत्रेत तेच नाटक. काका विंगेत बसत. मुलगा दारातून आत येई, आणि काका खालच्या आवाजात त्याला त्याची ओळ देत, ''आई, मी आलो.'' मी विंगेजवळ बसत असे, मला ते ऐकू यायचं. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. पुढे तोही येईना.

एक मात्र मी पाहिलं होतं. नाथा गेल्यापासून काका देवीच्या देवळाची पायरी चढले नाहीत. पाठीचं दुखणं सांगायचे. आणि ते पुस्तक पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. पिंपळपान त्यांनी त्या शिवलेल्या पानांत सरकवून ठेवलंय, वरचा टाका उसवून पुन्हा घातलाय, हेही त्यांनी मला सांगितलेलं होतं. इतकी माहिती मला का देऊन ठेवली होती कोण जाणे. उत्तनच्या कोळणी भाईंदरच्या बाजारात रोज यायच्या, काकी त्यांच्याकडूनच मासळी घ्यायच्या, तरी ही बातमी इतकी वर्षं दबून कशी राहिली याचं मला नवल वाटायचं.

पंचाहत्तर साली नाथाला बारा वर्षं होत आली. बेपत्ता माणसाला बारा वर्षं झाली की त्याचा दर्भाचा बाहुला करून त्याला अग्नी देतात आणि दिवस घालतात. भावकीतले लोक येऊन बसायला लागले. काकी त्यांना चहा द्यायच्या आणि आत जायच्या. भटजींनी दिवसही सांगितला. काका त्या दिवसांत फार थकल्यासारखे दिसायला लागले. मला म्हणाले, ''सुलू, मी त्याला एकदा दिलाय अग्नी. आता गवताला देऊ?''

''मग सांगा ना काकींना!''

''बारा वर्सांनी? आता ती मना काय बोलंल?''

मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा कंटाळाही आला.

त्याच महिन्यात बोरिवलीच्या टॉकीजला हिंदी सिनेमा लागला. नाव वेगळं, पण गोष्ट तीच. मासळीवालीने काकींना सांगितलं. इतकी वर्षं सिनेमाचं नाव न काढलेल्या काकी म्हणाल्या, ''मना बगायचाय.'' आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो.

हा सिनेमा रंगीत. घर नव्हे, बंगलाच, मधोमध जिना. ताट चांदीचं, एवढं मोठं की त्यात तिघं जेवतील. आईला रेशमी पांढरी साडी. मुलगा बोटीवर नाही, विमानात. मध्ये सहा गाणी, त्यातली दोन बर्फात, त्याचा ताटाशी संबंध काय ते मला कळलं नाही. पण शेवट आमच्या भाईंदरचा! दार वाजलं, मुलगा आत आला, जिन्यावरून बहीण धावत आली, आईने घास भरवला. थिएटरात शिट्ट्या, पडद्यावर नाणी फेकली लोकांनी. पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोला सांगत होता, ''देखा? मैं बोला था ना, आएगा.''

काकी हलल्या नाहीत. बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी आम्ही उभे राहिलो. काकींनी पेला हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

''कसा वाटला?'' मी विचारलं.

''आपल्या गावासारखाच केलाय,'' त्या म्हणाल्या. ''पन ह्यांनी पोऱ्याला लय साफ ठेवलंय. इतक्या वर्सांनी आला, कपड्याला चुनी न्हाय. पयल्या सिनेमातली बाई लय रडत व्हती, पन ती खरं रडत व्हती.'' मग रसवाल्याला पेला परत दिला. ''लो भैया, नहीं मंगता.''

घरी आलो तेव्हा सूर्य खाडीत बुडत होता. काकी मला म्हणाल्या, ''आज हितंच जेव.'' आमचे हे पाळीवर होते, मुलं खेळत होती, मी थांबले. काकींनी चार ताटं मांडली. त्यांची दोघांची, माझं आणि नाथाचं. सगळ्यांना वाढलं. नाथाच्या ताटात काही वाढलं नाही. आत गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि पुस्तक आणून त्यांनी त्या रिकाम्या ताटात ठेवलं.

काकांचा घास हातात राहिला.

''ही गाठ कोनाची हाय, वळखता?'' काकींनी पुस्तकाची कड वर केली. तीन टाके, सुतळीचे. ''तुमची गाठ उजवीकडं पडते. गोनी शिवताना मी बगितलीय जलमभर. ही डावीकडची. माजी हाय. तो तंबूचा शिनेमा बगून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उसवली. वाचता येत न्हाय मना. म्हटलं, निदान बगावं किती पानं हायत. तर पान गावलं चांदीचं. तसंच आत ठेवून परत शिवलं.''

मी ताटाकडे बघत राहिले. मला वर बघवेना.

''मग उत्तनच्या बाईला इचारलं. तिनं सांगितलं सगळं. लाकडं कोनी दिली ते बी सांगितलं. त्याच्या घरी दर साली तांदूळ पाठवतेय मी, तुमाला ठाव न्हाय.''

''मंजुळा,'' काका म्हणाले.

''मना वाटलं, आज सांगाल. उद्या सांगाल. म्हनून ताट मांडत ऱ्हायले. ताट बगून तरी माज्या मानसाच्या तोंडातून शब्द निगंल. माजा पोऱ्या काय जेवायला येनार व्हता?'' त्यांचा आवाज खणखणीत नव्हता, नुसता सपाट होता. ''बारा वर्सं झाली. आता गवताचा बाहुला जालनार म्हन्तात. माज्या पोऱ्याला दोनदा जालू नका. बोला.''

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्यांचे ओठ हलले. मी शेजारीच बसले होते म्हणून मला ऐकू आलं. विंगेतला तोच आवाज, नटाला पोचेल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही एवढाच.

''नाथा गेला.''

काकी त्यांच्याकडे बघत होत्या. डोळे तसेच कोरडे.

''मोठ्यांदा बोला,'' त्या म्हणाल्या. ''मना आयकू येत न्हाय.''

काकांनी डोळे मिटले, आणि ओरडले. बाहेर खेळणारी माझी मुलं दारात येऊन उभी राहिली, पलीकडच्या आळीतून शिवदास धावत आला. काका पुन्हा पुन्हा तेच वाक्य ओरडत होते आणि काकी ताटातलं पुस्तक उचलून, ते ताट धुवायला मोरीवर बसल्या होत्या.